सोयरीक जुळवताना आजार का लपवला जातो?

कापूस घरात येऊ लागला, हाती दोन पैसे आले की आपल्या वस्त्यांमध्ये सोयरिकीच्या बैठका सुरू होतात. सिंदी (रेल्वे)च्या ठेसनावर नागपूरच्या गाडीने पाहुणे उतरतात, सेलूकडून येतात, वर्ध्याकडून येतात. बैठकीत मुलाचे शिक्षण विचारले जाते. नोकरी पक्की की कंत्राटी, घर स्वतःचे की भाड्याचे, शेती किती, मुलगी किती शिकली, सगळे विचारून होते. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. विचारलाच तर त्याचे उत्तर ठरलेले असते : "नाही जी, आमच्या खानदानात असं काही नाही."

तो प्रश्न सिकलसेलचा.

आम्ही आधी दवाखान्यात परिचारिका होतो, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. हे उत्तर आम्ही अनेक घरांतून ऐकले आहे. कधीकधी त्याच घरातल्या लेकराला सलाईन लावताना आम्ही पाहिलेले असते. तरी आम्हाला गप्प राहावे लागते, कारण रुग्णाची माहिती तिसऱ्याला सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण म्हणून या विषयावर सगळ्यांनीच गप्प राहावे असे नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. असे उत्तर देणारी माणसे वाईट नसतात. ती बहुतेक वेळा कुणाची तरी आई असते, कुणाचा तरी बाप असतो. पंचशील रोज म्हणणारी, मुसावादापासून दूर राहण्याचा संकल्प करणारी माणसे आहेत ती. मग त्यांच्या तोंडून हे खोटे का निघते? ते समजून न घेता नुसते "खरे बोला" असे भाषण देऊन काही साधत नाही.

आधी आजार समजून घेऊ

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात. सिकलसेलच्या रुग्णामध्ये ऑक्सिजन कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. बारीक रक्तवाहिन्यांमध्ये त्या अडकतात. मग हातपाय, पाठ, छाती असह्य दुखते. या पेशी लवकर मरतात म्हणून रक्त कमी होते, डोळे पिवळे दिसतात.

हा आजार शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. तो आईबापाकडून येतो, आणि दोघांकडूनही यावा लागतो. ज्याला एकाच पालकाकडून हा दोष मिळाला तो वाहक, म्हणजे एएस. वाहक माणूस आजारी नसतो. तो शेतात राबतो, नोकरी करतो, त्याला औषध लागत नाही. ज्याला दोन्ही पालकांकडून दोष मिळाला तो रुग्ण, म्हणजे एसएस.

वाहकाचे लग्न निर्दोष (एए) जोडीदाराशी झाले तर एकही मूल एसएस होत नाही. दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष होण्याची चारात एक. एक जण रुग्ण आणि दुसरा वाहक असेल तर ही शक्यता निम्म्यावर जाते. आत्याच्या किंवा मामाच्या घरी सोयरीक झाली तर दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते.

हे रक्त "हलके" आहे म्हणून असे होत नाही. अमेरिकेत १९१० साली डॉ. हेरिक यांनी शिकागोत हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला, तेव्हा त्यांचा रुग्ण ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो आढळला. मध्य भारतातल्या वाहकांविषयी शुक्ला आणि सोलंकी यांचा लेख १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत आला. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, इतक्या दूरच्या मुलखांत हाच दोष आहे. कारण १९५४ मध्ये ॲलिसन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले : वाहक असलेल्या लेकराला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे वाहक जगले, वाढले. विदर्भातल्या बौद्ध, गोंड, परधान आणि इतरही समाजांत हा दोष दिसतो तो त्यामुळे. यात कुणाचे पाप नाही, कुणाचा शाप नाही.

पहिले खोटे स्वतःशीच

पाहुण्यांशी खोटे बोलण्याच्या कितीतरी आधी माणूस स्वतःशी खोटे बोललेला असतो.

लेकरू रात्रभर रडते, हाताची बोटे सुजतात. घरातले म्हणतात, थंडी बाधली. पुढे गुडघे दुखतात, तेव्हा म्हणतात, "पोरीले वात हाये." डोळे पिवळे झाले की कावीळ, आणि झाडपाला सुरू. थकवा आला की "रक्त कमी आहे" आणि मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या. यातले "रक्त कमी आहे" हे तर अर्धे खरे आहे, म्हणून ते सर्वांत सोयीचे. पण ते का कमी आहे, हा पुढचा प्रश्न विचारायचा नसतो. तो विचारला तर तपासणी करावी लागेल, तपासणी केली तर कागद हाती येईल आणि मग "माहीत नव्हते" असे म्हणता येणार नाही. तपासणी टाळणे हेही स्वतःशी बोललेले खोटेच आहे. फक्त त्यात शब्द नसतात.

रॉबर्ट ट्रायव्हर्स नावाच्या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने यावर एक विचार मांडला आहे. दुसऱ्याला फसवायचे असेल तर माणूस आधी स्वतःला फसवतो, कारण जे आपल्याला खरेच वाटते ते सांगताना आवाज कापत नाही, नजर खाली जात नाही. "आमच्या खानदानात काही नाही" असे म्हणणाऱ्या बापाचा चेहरा इतका सरळ का असतो, ते यावरून कळते. तो अर्धाअधिक मनापासूनच बोलत असतो.

दुसरी फसवणूक हिशेबाची. पहिले मूल निरोगी निघाले की जोडपे म्हणते, झाले, आमच्यात काही नाही. किंवा पहिले मूल रुग्ण निघाले की म्हणते, चारातले एक होऊन गेले, आता तीन चांगली होतील. चारात एक ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने तितकीच असते. चिठ्ठी काढून पुन्हा डब्यात टाकली तर पुढच्या वेळी डब्यात तितक्याच चिठ्ठ्या असतात, तसेच हे.

तिसरी फसवणूक पुरुषांची. आजारी लेकरू झाले की "तिच्या माहेरून आला" असे म्हणायचे आणि स्वतःची तपासणी करायची नाही. मूल एसएस असेल तर नियमाने एक दोष आईकडून आणि एक बापाकडून आलेला असतो. यात वाद घालायला जागा नाही.

भगवान बुद्धांनी राहुलला लहान वयातच खोटे बोलण्याविषयी उपदेश केला, तेव्हा त्याला विचारले : आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तिच्याकडे पाहावे, आपले आणि दुसऱ्याचे नुकसान होते का ते तपासावे, असे त्यांनी सांगितले. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षू आणि उपासकांनी पुन्हा पुन्हा ऐकावेत असे जे उपदेश नावाने सांगितले, त्यांत राहुलला खोटे बोलण्याविषयी केलेला हा उपदेश आहे. पाहणे आधी येते, बोलणे नंतर. आपल्या रक्ताकडे न पाहणारा माणूस त्याविषयी खरे बोलूच शकत नाही.

दुसरे खोटे पाहुण्यांशी

आता बैठकीत या. समजा मुलगी वाहक आहे आणि बापाने ते सरळ सांगितले. पुढे काय होते? पाहुणे चहा पिऊन "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. आठ दिवसांत चार गावांत बोलणे पसरते, "तिच्यात आजार आहे." मुलगी ठणठणीत असते, पण तिला रोगी ठरवले जाते. धाकट्या बहिणीचेही स्थळ अडते. मुलाच्या बाबतीत हेच कळले तर "त्याला काय होते" म्हणून सोडून देतात.

म्हणजे खरे बोलण्याची किंमत आहे आणि ती एकट्या मुलीला मोजावी लागते. खोटे बोलण्याचीही किंमत आहे, पण ती नंतर, दुसऱ्याच्या घरात आणि जन्माला येणाऱ्या लेकराला मोजावी लागते. आज समोर बसलेल्या बापाला आजची किंमत दिसते. माणसे खोटे बोलतात ती बहुतेक याच हिशेबाने.

आपल्या समाजात याला आणखी एक धार आहे. हजारो वर्षे आपल्या रक्तालाच नावे ठेवली गेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी तो कलंक झटकायला शिकवले. आता कोणी "तुमच्या समाजात हा आजार फार" म्हटले की जुनी जखम उघडते आणि तोंडून "नाही" निघते. हे आम्ही समजू शकतो. पण अपमानाला नाकारणे वेगळे आणि आजाराला नाकारणे वेगळे. आजाराला नाकारले तर त्याचा त्रास अपमान करणाऱ्याला होत नाही, आपल्याच लेकराला होतो.

ही भीती फक्त आपलीच नाही. अमेरिकेत १९७० च्या सुमारास काही राज्यांनी काळ्या लोकांची सिकलसेल तपासणी कायद्याने सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांतला फरक नीट समजावला नाही. निरोगी वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीत १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश नव्हता. लोक तपासणीपासून पळू लागले. म्हणून १९७२ च्या राष्ट्रीय कायद्यात तपासणी ऐच्छिक असावी अशी अट आली. जिथे खऱ्याला शिक्षा मिळते तिथे माणसे खरे लपवतात, हे सगळीकडे सारखेच आहे.

तिसरे खोटे लेकराशी

याबद्दल फार कमी बोलले जाते. रुग्ण मुलाला घरचे सांगतात, "काही नाही तुला, वाढशील तसं बरं होईल." शाळेत सांगत नाहीत. मग गुरुजी त्याला उन्हात पळायला लावतात, वारंवार पाणी प्यायला आणि लघवीला जातो म्हणून रागावतात. थोडे मोठे झाल्यावर ते लेकरूही खोटे बोलायला शिकते. दवाखान्यात पैसे जातात, आईची मजुरी बुडते, हे त्याला दिसत असते. म्हणून दुखत असूनही ते "नाही दुखत" म्हणते. ताप लपवते. सिकलसेलमध्ये लपवलेला ताप जीव घेऊ शकतो.

लेकराला त्याच्या वयाला समजेल असे खरे सांगावे : तुझ्या रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, त्यामुळे दुखते, यात तुझी चूक नाही, दुखले की लगेच सांग, तुझ्यामुळे कोणी रागावणार नाही. ज्या लेकराला हे सांगितले जाते ते स्वतःची काळजी घ्यायला शिकते.

आजार लपवला की हक्कही जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. एसटीच्या साध्या बसमध्ये आणि उपचारासाठी रेल्वेत रुग्णांना सवलत आहे. पण त्यासाठी सरकारी दवाखान्याचा दाखला लागतो. दाखला नको म्हणणाऱ्या घराला यातले काहीच मिळत नाही.

झाकणे वेगळे, फसवणे वेगळे

"म्हणजे काय गावभर सांगत फिरायचे?" असे आम्हाला विचारले जाते. नाही. आपल्या आजाराची माहिती ही आपली आहे. शेजाऱ्याला, भिशीतल्या बायांना, मालकाला ती सांगण्याचे बंधन नाही. विहारात नावे वाचून दाखवणे, भिंतीवर यादी लावणे हे चूकच आहे. पण जो माणूस आपल्यासोबत लग्न करून मूल जन्माला घालणार आहे, त्याला ती माहिती असलीच पाहिजे, कारण त्या माहितीवर त्याचेही आयुष्य उभे राहणार आहे. ज्याचे नुकसान होणार नाही त्याच्यापासून झाकणे म्हणजे खासगीपणा. ज्याचे नुकसान होणार आहे त्याच्यापासून झाकणे म्हणजे फसवणूक.

बाबासाहेबांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. त्यांना मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने ते बेजार होते. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे त्यांचे उपचार चालत आणि डॉ. शारदा कबीर त्याच दवाखान्यात काम करीत. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत त्यांचे लग्न झाले, तेव्हा आजार दोघांनाही पूर्ण ठाऊक होता. आजार माहीत असूनही लग्न होऊ शकते. माहीत असल्यामुळेच काळजी घेता येते.

खरे बोलणे सोपे कसे करायचे

खोटे बोलणाऱ्याला दोष देऊन खोटे कमी होत नाही. खरे बोलणाऱ्याला एकटे पाडणे बंद झाले की ते कमी होते. त्यासाठी वस्तीत काही गोष्टी ठरवता येतील.

एक, तपासणी लग्न ठरण्याच्या आधी व्हावी. दहावी-बारावीच्या वयात मुलगा आणि मुलगी दोघांचीही. १ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य आहे आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा आहे. सरकारी दवाखान्यात तपासणीला पैसे लागत नाहीत. आपल्या आशाताईला विचारा.

दोन, अर्धवट तपासणीवर थांबू नये. सुरुवातीची सोल्युबिलिटी चाचणी फक्त दोष आहे की नाही ते सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, ते तिच्यातून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करावी लागते. "पॉझिटिव्ह" एवढ्या एका शब्दावर कुणाची सोयरीक मोडू नका. अलीकडे रक्त चढवले असेल तर तेही सांगा, कारण त्याने निकाल बदलू शकतो.

तीन, वधू-वर मेळाव्याच्या परिचयपत्रात "सिकलसेल तपासणी झाली आहे" एवढेच लिहावे, निकाल लिहू नये. निकालाचे कागद दोन्ही घरांनी पसंतीनंतर पण साक्षगंधाच्या आधी एकमेकांना दाखवावेत. दोघांनीही, एकाच वेळी. मुलीकडून कागद मागणाऱ्याने आधी मुलाचा कागद ठेवावा.

चार, दोघेही वाहक निघाले तर निर्णय त्या दोघांचा. सौदी अरेबियात २००४ पासून लग्नाआधी ही तपासणी सक्तीची आहे, पण लग्न करायचे की नाही ते जोडप्यावर सोडले आहे. सुरुवातीला धोका असलेल्या जोडप्यांपैकी दहातही एकाने लग्न मोडले नाही. २००९ पर्यंत निम्म्याहून अधिक जोडपी स्वतःहून थांबू लागली. समजावण्याचे काम वर्षानुवर्षे चालले की असा बदल होतो. आणि लग्न केलेच तर गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा अंश तपासून मूल रुग्ण आहे का ते मोठ्या केंद्रात कळू शकते. त्यासाठी दिवस राहताच दवाखान्यात जावे.

पाच, स्थळ मोडले तरी मोडण्याचे कारण चौथ्या घरी सांगू नये. ही एक शिस्त पाळली तरी पुष्कळ खोटे बोलण्याची गरजच संपेल.

विदर्भात हा आजार उघडपणे बोलला जावा म्हणून नागपूरच्या संपत रामटेके यांनी आयुष्यभर काम केले. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तो मार्ग आपल्याच माणसाने घालून दिलेला आहे.

घरात रुग्ण असेल तर

हायड्रॉक्सियुरिया या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज घ्यायची असते आणि ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागते. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे. फॉलिक ॲसिड चालू ठेवावे. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय घेऊ नयेत. पाच वर्षांखालील रुग्ण मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस याबद्दल डॉक्टरांना विचारावे. भरपूर पाणी प्यावे, थंडीत अंग झाकावे. कापूस वेचायला जाताना पाण्याची बाटली सोबत हवी.

पुढील लक्षणे दिसली तर रात्र असली तरी थांबू नका : १०१ च्या वर ताप, छातीत दुखणे किंवा दम लागणे, पोट अचानक फुगून लेकरू पांढरेफटक पडणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, गोळीने न थांबणारे दुखणे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा वर्ध्याचे सामान्य रुग्णालय गाठा. आणि तिथे गेल्यावर पहिलेच वाक्य हे असू द्या : "याला सिकलसेल आहे." ते ऐकले की डॉक्टर योग्य उपचार लगेच सुरू करू शकतात. तिथेही "वात आहे" म्हणून सांगितले तर जो वेळ जातो, तो नंतर कोणालाच परत आणता येत नाही.

जयभीम.